विश्लेषण : विधान परिषदेचे ७८ आमदार नेमके येतात कुठून? या सभागृहाची गरज आहे का?

२० जून २०२२ रोजी महाराष्ट्र विधान परिषदेच्या १० जागांसाठी मतदान झाले. रात्री निकाल लागला. महाविकास आघाडीचे संख्याबळ अधिक असतानाही भाजपचे पाचही उमेदवार विजयी झाले आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले. कोणाची मते फुटली याचा हिशेब सुरू असतानाच एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतच्या दिशेने निघाले होते. दहा दिवसांत राज्यातील सरकार बदलले. एरवी ‘पुनर्वसनाचे सभागृह’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या विधान परिषदेची निवडणूक राज्याच्या राजकारणाला कशी कलाटणी देऊ शकते, हे त्या रात्री दिसले. या सभागृहाची रचना, सदस्यांच्या निवडीची पद्धत, त्याचे अधिकार आणि त्याविषयीचा वाद यांचा हा आढावा.

विधान परिषद म्हणजे काय? ती किती राज्यांत आहे?

विधान परिषद हे राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह. सध्या महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा या सहाच राज्यांत ती आहे. शेजारच्या गोव्यात, गुजरातमध्ये किंवा मध्य प्रदेशात विधानसभा हे एकच सभागृह आहे. राज्यघटना तयार होत असताना दुसरे सभागृह हवे की नको, याचा निर्णय त्या त्या प्रांताच्या घटना समितीतील प्रतिनिधींवर सोपवण्यात आला होता. मुंबई प्रांताने होकार दिला. विदर्भ तेव्हा ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्या प्रांताने नकार दिला.

विधानसभेची मुदत पाच वर्षे असते आणि ती मुदतीआधी विसर्जितही होऊ शकते. विधान परिषद मात्र कायमस्वरूपी सभागृह आहे, ती विसर्जित होत नाही. प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. सदस्य होण्यासाठी वयाची ३० वर्षे पूर्ण असावी लागतात. विधानसभेसाठी ही अट २५ वर्षांची आहे.

महाराष्ट्रातील ७८ सदस्य कसे ठरतात?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेची सदस्यसंख्या विधानसभेच्या एक तृतीयांशाहून अधिक आणि ४० हून कमी असू शकत नाही. महाराष्ट्राची विधानसभा २८८ सदस्यांची आहे. म्हणजे परिषदेत ९६ पर्यंत सदस्य असू शकतात. प्रत्यक्षात ७८ आहेत. त्यांची विभागणी अशी :

- विधानसभेच्या आमदारांनी निवडून दिलेले : ३०
- स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी निवडून दिलेले : २२
- पदवीधर मतदारसंघातून : ७
- शिक्षक मतदारसंघातून : ७
- राज्यपालनियुक्त : १२

घटनेतील सूत्र पाहिले तर आमदार आणि स्थानिक संस्था यांच्या वाट्याला प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे २६ जागा यायला हव्यात. पण संसदेला कायद्याने वेगळी रचना करण्याची मुभा घटनेनेच दिली आहे. त्यानुसार लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या परिशिष्टात महाराष्ट्रासाठी ३० आणि २२ अशी विभागणी ठरवण्यात आली.

आमदारांमधून होणाऱ्या निवडणुकीत ‘कोटा’ कसा निघतो?

ही निवडणूक पसंतिक्रमाने होते. आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांसमोर १, २, ३ असे पसंतीचे क्रमांक लिहितात. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरले जाते. वैध मतांच्या एकूण मूल्याला जागांच्या संख्येत एक मिळवून भागायचे आणि आलेल्या भागाकारात एक मिळवायचा, की विजयाचा कोटा निघतो.

जुलै २०२४ ची निवडणूक हे ताजे उदाहरण. तेव्हा ११ जागा होत्या आणि मतदार आमदार होते २७४. म्हणजे २७,४०० ला १२ ने भागायचे. भागाकार येतो २,२८३ आणि त्यात एक मिळवला की २,२८४. थोडक्यात, पहिल्या पसंतीची २३ मते मिळवणारा उमेदवार सुरक्षित. कोट्याहून अधिक मिळालेली मते दुसऱ्या पसंतीनुसार इतरांकडे वळतात. म्हणून पहिल्या पसंतीची मते कोणी कोणाला द्यायची आणि दुसरी पसंती कोणाला, याचे गणित पक्ष आदल्या रात्रीपर्यंत मांडत बसतात. त्या निवडणुकीत महायुतीचे नऊही उमेदवार निवडून आले आणि महाविकास आघाडीचा पाठिंबा असलेले शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पराभूत झाले.

मते फुटतात ती इथेच का?

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेसाठी मात्र गुप्त मतदान होते. कोणी कोणाला मत दिले हे पक्षाला अधिकृतपणे कळण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे पक्षावर नाराज असलेल्या आमदाराला ती नाराजी व्यक्त करण्याची ही सुरक्षित जागा ठरते. जून २०२२ मध्ये भाजपचे स्वतःचे १०६ आमदार होते आणि पाच उमेदवारांसाठी सुमारे १३० मतांची गरज होती. अपक्ष आणि छोट्या पक्षांची साथ धरूनही पाचवी जागा अवघड मानली जात होती. तरीही ती आली. सरकारमध्ये आतून काय खदखदत आहे, याची पहिली मोजदाद त्या मतपेटीत झाली.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात मतदार कोण?

मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सात विभागांतून एक पदवीधर आणि एक शिक्षक आमदार निवडला जातो. पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली, त्या विभागात राहणारी व्यक्ती पदवीधर मतदार होऊ शकते. शिक्षक मतदारसंघासाठी गेल्या सहा वर्षांपैकी किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील शिक्षणसंस्थेत अध्यापन केलेले असावे लागते. प्राथमिक शिक्षकांना यात मत नाही. दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या शिक्षकाला मात्र दोन्हीकडे मतदान करता येते.

मेख नोंदणीत आहे. विधानसभेच्या यादीत नाव असले म्हणून या यादीत ते आपोआप येत नाही. शिवाय पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या याद्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीआधी नव्याने तयार होतात. सहा वर्षांपूर्वी मतदान केलेल्या पदवीधरालाही पुन्हा १८ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. शिक्षकांसाठी १९ क्रमांकाचा अर्ज असतो. पात्रतेसाठी १ नोव्हेंबर ही तारीख धरली जाते. ज्या पक्षाची किंवा संघटनेची नोंदणीची यंत्रणा मजबूत, त्याची निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते. मतदानाच्या दिवशीही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच पसंतीचा क्रमांक लिहावा लागतो. फुली मारली किंवा सही केली की मत बाद.

स्थानिक संस्थांच्या जागांचे काय?

नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती हे या २२ जागांचे मतदार. ग्रामपंचायत सदस्यांना महाराष्ट्रात हा अधिकार नाही. मतदारसंघातील किमान ७५ टक्के स्थानिक संस्था कार्यरत असतील आणि एकूण मतदारांपैकी किमान ७५ टक्के उपलब्ध असतील, तरच निवडणूक आयोग ही निवडणूक घेतो. २०२२ पासून बहुतांश महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. नगरसेवकच नाहीत, तर आमदार निवडणार कोण? त्यामुळे मुदत संपलेल्या जागा एकामागोमाग रिकाम्या होत गेल्या. गल्लीतील निवडणूक रखडली की तिची झळ थेट विधिमंडळापर्यंत पोहोचते, ती अशी.

राज्यपालनियुक्त सदस्यांवरून वाद का होतो?

साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या पाच क्षेत्रांतील विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तींची राज्यपालांनी नियुक्ती करावी, असे घटना सांगते. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर यांच्यासारखे कवी याच वाटेने सभागृहात आले. पण नावे सुचवते मंत्रिमंडळ. त्यामुळे कालांतराने या यादीत कार्यकर्ते आणि पराभूत उमेदवार यांची गर्दी वाढली.

जून २०२० मध्ये या जागा रिकाम्या झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाविकास आघाडी सरकारने १२ नावांची यादी तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. निर्णय झाला नाही. राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घेणे अपेक्षित असल्याचे मत मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदवले. तरीही यादी पडून राहिली. सत्ताबदलानंतर शिंदे सरकारने ती मागे घेतली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, सात जणांची नियुक्ती झाली. त्यात चित्रा वाघ, मनीषा कायंदे, हेमंत पाटील, पंकज भुजबळ अशी राजकीय नावेच ठळक होती. म्हणजे घटनेने तज्ज्ञांसाठी राखलेल्या १२ खुर्च्या चार वर्षांहून अधिक काळ रिकाम्या होत्या. सभापतिपदाचीही तीच गत. रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि राम शिंदे यांची निवड झाली डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज सांभाळले.

परिषदेला अधिकार किती?

विधानसभेच्या तुलनेत मर्यादित. सरकार विधानसभेला जबाबदार असते, त्यामुळे परिषदेत सरकार पडत नाही. धन विधेयक परिषदेत मांडता येत नाही आणि विधानसभेकडून आलेले धन विधेयक ती फार तर १४ दिवस रोखू शकते. सामान्य विधेयक पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना अडवता येते. त्यानंतर विधानसभेचेच म्हणणे अंतिम. संसदेप्रमाणे इथे संयुक्त बैठकीची तरतूद नाही. राष्ट्रपती आणि राज्यसभेच्या निवडणुकीत परिषदेच्या आमदारांना मत नाही.

मात्र प्रश्न, लक्षवेधी सूचना, समित्या हे मार्ग दोन्ही सभागृहांना खुले आहेत. शिवाय परिषदेचा सदस्य मंत्री, अगदी मुख्यमंत्रीही होऊ शकतो. बिहारमध्ये नितीश कुमार दीर्घकाळ परिषदेचे सदस्य म्हणून मुख्यमंत्री राहिले. महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्य होणे बंधनकारक होते, पण करोनामुळे निवडणुका थांबल्या होत्या. मुदत संपण्याच्या काही दिवस आधी, मे २०२० मध्ये परिषदेच्या नऊ जागा बिनविरोध भरल्या गेल्या आणि मुख्यमंत्रिपद वाचले.

मग हे सभागृह ठेवायचे की बरखास्त करायचे?

पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, तमिळनाडूने १९८६ मध्ये परिषद बंद केली. आंध्र प्रदेशात ती १९८५ मध्ये गेली आणि २००७ मध्ये परतली. जानेवारी २०२० मध्ये तीन राजधान्यांची विधेयके परिषदेत अडताच जगनमोहन रेड्डी सरकारने बरखास्तीचा ठराव केला, पण पुढच्याच वर्षी तो मागे घेतला. परिषद स्थापन करायची किंवा मोडायची तर विधानसभेत विशेष बहुमताने ठराव आणि त्यानंतर संसदेचा कायदा लागतो.

विरोधकांचा मुद्दा असा की, लोकांनी नाकारलेल्यांना मागच्या दाराने आणण्यासाठीच याचा वापर होतो आणि पदवीधरांना वेगळे प्रतिनिधित्व देण्याचे कारण आता उरलेले नाही. समर्थक वि. स. पागे यांच्याकडे बोट दाखवतात. ते १९६० ते १९७८ अशी १८ वर्षे परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची त्यांची कल्पना सांगली जिल्ह्यात आकाराला आली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली आणि रोजगार हमी कायदा झाली. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यालाही हाच पाया होता.

पागे यांच्यासारखी माणसे सभागृहात यावीत म्हणून घटनेने निवडीच्या पाच वेगवेगळ्या वाटा ठेवल्या आहेत. त्यातील दोन वाटा थेट मतदाराच्या हातात आहेत. पदवीधराने नोंदणीचा अर्जच भरला नाही, तर त्याच्या नावाने आमदार कोणी व्हायचे हे दुसरेच ठरवतात.