लिनक्स लॅपटॉप सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी ही एक फाइल तपासा

अमरावती-अकोल्यात इंजिनिअरिंग, बीसीए, एमसीए करणाऱ्या अनेकांची लिनक्सशी पहिली ओळख उबुंटूमुळे होते. जागा कमी पडली की दुसरी डिस्क जोडली जाते आणि ती दरवेळी आपोआप दिसावी म्हणून एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली जाते. त्या ओळीत एक अक्षर चुकलं, तरी पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर 'इमर्जन्सी मोड' असा मेसेज येऊ शकतो. मग कुणीतरी सांगतं, "फॉरमॅट मार." प्रोजेक्ट, फोटो, सगळं जातं. खरंतर त्याची गरज नसते.

नेमकं काय बिघडतं?

'ईटीसी' फोल्डरमधल्या या फाइलचं नाव 'एफएसटॅब'. कोणती डिस्क कुठे जोडायची, याची ती यादी. डिस्कच्या प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी हा ओळख क्रमांक असतो. पार्टिशन फॉरमॅट केलं की तो बदलतो, फाइलमध्ये मात्र जुनाच राहतो.

सातबाऱ्यावर गट नंबर चुकला म्हणून शेत हरवत नाही, नोंद चुकते. इथेही तसंच. सिस्टिम चुकीच्या नंबरची डिस्क साधारण 90 सेकंद शोधते आणि थांबते. डेटा जागेवरच असतो.

दुरुस्ती कशी करायची?

(कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात.)

1. लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा. ग्रब मेन्यूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'रिकव्हरी मोड' आणि 'रूट' निवडा.
2. फाइल बदलता यावी म्हणून 'माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /' ही कमांड द्या.
3. 'नॅनो /ईटीसी/एफएसटॅब' लिहून फाइल उघडा. नव्या डिस्कच्या ओळीआधी # टाका. ती ओळ बंद होते. '/' या मुख्य पार्टिशनची ओळ बंद करू नका.
4. कंट्रोल+ओ, एंटर, कंट्रोल+एक्स दाबून सेव्ह करा. मग 'रीबूट'.

रिकव्हरी मोडही उघडत नसेल तर उबुंटूच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा आणि मुख्य पार्टिशन माउंट करून हीच फाइल दुरुस्त करा.

पुन्हा होऊ नये म्हणून

लॅपटॉप सुरू झाला की 'बीएलकेआयडी' कमांडने खरा यूयूआयडी पाहून ओळ नीट लिहा. फाइलची एक कॉपी आधीच ठेवा. जादा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय टाकला, तर ती डिस्क सापडली नाही तरी लॅपटॉप सुरू होतो. आणि रीस्टार्ट करण्याआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा. चूक असेल तर ती तिथेच कळते.