आधी सरकारी कार्ड, मग पॉलिसी

राजूर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतील बंधुभगिनींनो, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी आरोग्य विम्याची पॉलिसी घ्यावी काय, हा प्रश्न घरोघरी पडतो. आमचे सांगणे एवढेच, की मजुरीचा पैसा हप्त्यात घालण्याआधी सरकारी कार्ड काढा.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. आधार कार्डावर ते निघते. योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. नवराबायको दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते.

घरी घ्यायची रोजची औषधे मात्र यात बसत नाहीत. पण बहुतेक खासगी पॉलिसींतही ती नसतात! म्हणून सही करण्याआधी एजंटाला विचारा: जुन्या आजारासाठी किती वर्षे थांबायचे? बिलातला किती वाटा आम्ही भरायचा? संगमनेर, नाशिकचे कोणते दवाखाने चालतील? उत्तरे लेखी घ्या. पॉलिसी पटली नाही, तर हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

कर्ज काढून हप्ता भरू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांचे कार्ड निघाले की नाही, ते आजच पाहा.