भरतीची वेळ आणि संगणकावरची ताई

मालवणहून तारकर्ली ओलांडून दक्षिणेकडे निघालात, की जमीन अरुंद होत जाते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची वाळूची चिंचोळी पट्टी. हेच देवबाग. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगव्याचा डोंगर दिसतो.

समजा, इथल्या एका घराच्या पडवीत तुमची मावसताई संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करते. पूर्वी अशा नोकरीसाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. २०२० साली साथीच्या काळात घरून काम करण्याची पद्धत सर्वत्र पसरली आणि गावात बसून शहरातले काम करता येते हे पुष्कळांच्या ध्यानात आले. तर या ताईचा दिवस कसा जातो ते पाहू या.

तुम्हाला वाटेल, ती दिवसभर कळा बडवत असेल. तसे नाही. तिचा बराच वेळ वाचण्यात, विचार करण्यात आणि चूक शोधण्यात जातो. संगणक सांगितलेले तेवढेच करतो. मनातले ओळखणे त्याला जमत नाही. त्यामुळे आज्ञा अर्धवट असली, की उत्तर चुकते.

या कामात मेंदू दमतो, पण शरीर हलत नाही. एरवी आपल्या पापण्या मिनिटाला सुमारे १५ वेळा मिटतात. पडद्याकडे टक लावली, की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. शिवाय जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आकसलेला राहतो. मूठ तासभर आवळून ठेवली तर हात दुखेल की नाही? तसेच हे. म्हणून ताई दर २० मिनिटांनी मान वर करून निदान २० सेकंद पलीकडच्या डोंगराकडे पाहते. दूरचे पाहताना तो स्नायू सैल पडतो.

आता बसण्याविषयी. १९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या दुमजली बसवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस एकच, रस्ता एकच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार जास्त आढळला आणि जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत कमी. दोघांत इतरही फरक होते, तरी हालचालीचा हृदयाशी संबंध आहे हे पुढील संशोधनाने पक्के झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. तुमच्या वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे. तुम्हीही शाळेत बाकावर बसूनच असता, नाही का?

ताईने व्यायाम निवडला तो पोहण्याचा. पाणी शरीराचा भार उचलते, त्यामुळे सांध्यांवर ताण येत नाही आणि हात, पाठ, पाय सगळ्यांनाच काम मिळते. पण खाडीत केव्हाही उतरून चालत नाही. ओहोटी लागली, की खाडीचे पाणी मुखातून समुद्राकडे धावते आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेते. म्हणून भरती पुरी होऊन पाणी जवळजवळ थबकते, तेवढीच वेळ साधावी लागते. ही वेळ रोज बदलते. ती काढता काढता ताईला एक छंदच जडला.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता भरती. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. पुन्हा प्रतिपदेपासून नवी मोजणी. घड्याळाचा तक्ता जवळ नसताना किती सोपी युक्ती! ताईने या हिशेबाची चार ओळींची आज्ञावली केली आणि महिन्याच्या सगळ्या वेळा एकाखाली एक छापून पाहिल्या. तेव्हा एक गंमत दिसली. रोज वेळ ४५ मिनिटांनी पुढे सरकत होती. पौर्णिमेनंतर मात्र ११.१५ वरून एकदम १२.४५, म्हणजे दीड तासाची उडी!

समुद्र अशी उडी मारील काय? कागद-पेन्सिल घ्या. चंद्राच्या कलांचे एक आवर्तन ३० तिथींचे. तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत पुरे २४ तास मागे जातो. २४ तासांची १,४४० मिनिटे. त्यांना ३० ने भागा. उत्तर ४८. म्हणजे भरती दर तिथीला सरासरी ४८ मिनिटे पुढे जायला हवी. जुना हिशेब ४५ धरतो. तिथीमागे ३ मिनिटांची तूट साचत जाते. १४ तिथींत ती ४२ मिनिटे होते आणि पुढच्या प्रतिपदेला एकदम भरून निघते. तोंडी हिशेबासाठी पाऊणपट सोपी, आणि दर पंधरवड्याला मोजणी नव्याने सुरू होत असल्यामुळे चूक वाढत जात नाही. हा हिशेब बसवणाऱ्यांचे कौतुकच करायला हवे.

पण पोहणाऱ्याला ४२ मिनिटे थोडी नव्हेत. खांबावर पाहून पौर्णिमेची भरती ११.१५ ला आली असे धरा. दुसऱ्या दिवशी ती १२.०३ च्या सुमारास येईल. जुना हिशेब १२.४५ सांगेल. त्यावर विसंबून उतरलेला माणूस अर्ध्या तासाने, सव्वाला, बाहेर येईल. तोवर ओहोटी लागून तासाहून अधिक वेळ झालेला असेल. दर्यावर्दी लोक ओहोटीच्या सहा तासांचे बारा भाग करतात : पाणी पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, मग २ आणि १ भाग उतरते. फरक २ मीटरचा असेल, तर पहिल्या तासात सुमारे १७ सेंटिमीटर, दुसऱ्यात ३३, तिसऱ्यात ५०. म्हणजे ओढ वाढत जाते. शिवाय पौर्णिमेच्या उधाणाला ती भांगापेक्षा जोरदार असते.

ताईने ४५ च्या जागी ४८ घातले. तरीही खांबावरची वेळ कधी दहा, कधी वीस मिनिटांनी चुकेच. कारण चंद्राची कक्षा वर्तुळाकार नाही, सूर्यही पाण्याला ओढतो आणि किनाऱ्याचा आकार व खाडीची खोली यांचाही परिणाम होतो. असे अनेक घटक एकत्र मिळवण्यासाठी १८७९ साली इंग्लंडमध्ये खास हिंदुस्थानातील बंदरांकरिता कप्प्या आणि दातेरी चाकांचे एक यंत्र तयार झाले. चाके फिरवली, की ते पुढच्या भरती-ओहोटीचा आलेख कागदावर काढी. आज तेच गणित संगणक करतो आणि भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो.

ताई पाण्यात उतरते तेव्हा काठावर शेजारचे होडीवाले काका उभे असतात. एकटीने उतरायचे नाही, हा तिचा नियम. तिने वेळांचा कागद पुढे केला, की काका म्हणतात, “कागद रवांदे गो, आधी पाण्याक बघ!” आणि खरोखर, कागदावर काही असो, खांबाशी पाणी उतरू लागलेले दिसले, तर ती त्या दिवशी किनाऱ्यावरूनच चालत फिरते. आज्ञावलीचे उत्तर प्रत्यक्षाशी ताडून पाहणे हा तिच्या धंद्यातलाही पहिला धडा आहे.

तुमचे गाव खाडीकाठी असेल, तर एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. धक्क्याच्या खांबावर पाणी सर्वांत वर केव्हा येते ते पंधरा दिवस टिपा. शेजारी तिथी लिहा. मग ४५ आणि ४८ या दोन्ही हिशेबांनी वेळा काढून तुलना करा. समुद्र दूर असेल, तर चंद्रोदयाची वेळ रोज किती पुढे सरकते ते टिपा. वही मिटल्यावर मात्र मैदानावर पळा. ६० मिनिटे अजून शिल्लक आहेत!