कंबरेचे दुखणे : स्थान आणि मूळ

चेन्नईच्या दक्षिणेस, मामल्लपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर कोवलम हे कोळ्यांचे गाव आहे. केरळातील त्याच नावाचे प्रसिद्ध स्थळ निराळे. अठराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांचा ज्या बंदरावर डोळा होता आणि १७५२ मध्ये क्लाइव्हने जेथील किल्ला फ्रेंचांकडून घेतला, तेच हे गाव. ओंडके एकमेकांस बांधून केलेल्या ‘कट्टुमरम’ नावाच्या तराफ्यांवरून येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात जात असत. आता त्यांची जागा बहुतांशी काचतंतूंच्या नौकांनी घेतली आहे. नौका बदलली, तरी देहाचे श्रम फारसे बदललेले नाहीत. पुळणीवरून नौका ढकलणे, हेलकावणाऱ्या तळावर पाय रोवून जाळे ओढणे, मासळीची जड टोपली वाहणे, बाजारात तासन्‌तास जमिनीवर बसणे, या सर्व कामांचा भार अखेरीस शरीराच्या एकाच भागातून जातो. कणा जेथे संपतो व पाय जेथे सुरू होतात, तो हा भाग होय.

हा भाग दुखू लागला म्हणजे तमिळ भाषक ‘इडुप्पु’ दुखते असे सांगतो. हा शब्द कंबर आणि खुबा या दोहोंसही लागतो. मराठी माणसाची ‘कंबर धरली’ ही तक्रारही अशीच व्यापक आहे. पाठीच्या खालच्या भागापासून कुल्ल्यापर्यंतचे कोणतेही दुखणे तीत सामावते. बोलण्याच्या व्यवहारात यामुळे काही बिघडत नाही. परंतु उपचाराच्या दृष्टीने एवढे वर्णन पुरेसे नसते. कारण या एका शब्दाखाली कमीत कमी तीन निरनिराळे सांधे दडलेले असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांहून भिन्न असतात.

उदाहरणादाखल अशा गावातील तीन माणसे कल्पावीत. पहिला सव्वीस वर्षांचा नावाडी. पहाटे उठताना त्याची कंबर ताठलेली असते. दुसरी साठीची मासळीविक्री करणारी स्त्री. तिचा गुडघा दुखतो व ती गुडघ्यास तेल चोळते. तिसरी नुकतीच बाळंत झालेली तरुणी; अंथरुणात कूस बदलताना तिला कंबरेच्या एका बाजूस कळ येते. तिघेही भौतिकोपचारतज्ज्ञाकडे, म्हणजेच फिजिओथेरपिस्टकडे गेली, तर त्यांची तपासणी कशी होईल हे पाहिले म्हणजे या शास्त्राची पद्धती ध्यानात येते.

सांध्यांची रचना

श्रोणी ही हाडांची एक परडी आहे. तिच्या मागील बाजूस, कण्याच्या तळाशी, पाचरीच्या आकाराचे त्रिकास्थी हे हाड बसविलेले असते. त्याच्या दोन्ही अंगांस श्रोणीची रुंद हाडे जुळतात. हेच दोन त्रिक-श्रोणी सांधे. पुढील बाजूस ही हाडे जघनसंधीत एकत्र येतात. श्रोणीच्या दोन्ही बाहेरील अंगांस खोल वाटी असते व तीत मांडीच्या हाडाचा गोल माथा फिरतो. हा खुब्याचा सांधा म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला उखळीचा सांधा म्हणतात, त्याचा उत्तम नमुना होय.

या दोन सांध्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. खुबा मोकळेपणाने हलण्यासाठी आहे. मांडी पोटाकडे सुमारे १२० अंशांपर्यंत वाकते. त्रिक-श्रोणी सांधा मात्र भार झेलण्यासाठी आहे. त्याचे पृष्ठभाग खडबडीत असून बळकट अस्थिबंधांनी ते करकचून बांधलेले असतात. स्वीडनमध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रुग्णांच्या हाडांत धातूचे सूक्ष्म गोळे बसवून क्ष-किरणांच्या साहाय्याने ही हालचाल मोजण्यात आली. ती सरासरी अडीच अंश भरली. सरकणे तर एक मिलिमीटरहूनही कमी होते. ‘कंबरेचे हाड सरकले’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्याचा विचार या मापाच्या प्रकाशात करावा. एवढी अल्प हालचाल कातडी व स्नायू यांच्यावरून बोटांनी ओळखू पाहणाऱ्या निरनिराळ्या तपासनिसांचे एकमत होत नाही, असेही पुढे दिसून आले आहे.

वेदनेचा चकवा

वेदना जेथे जाणवते तेथेच तिचे मूळ असते, असा आपला स्वाभाविक समज असतो. बोटास काटा रुतला असता तो खराही ठरतो. परंतु खोलवरच्या सांध्यांच्या बाबतीत मेंदूची फसगत होते. खुबा व गुडघा या दोहोंस काही मज्जातंतू समाईक आहेत. त्यामुळे खुब्याचा विकार पुष्कळदा गुडघ्यात दुखतो. लंगडणारे लहान मूल गुडघा दाखविते आणि दोष खुब्यात निघतो, हा अनुभव वैद्यकात जुना आहे. तसेच कंबरेच्या मणक्यांतील चकतीने मज्जातंतूवर दाब दिला, तर कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते.

या चकव्यात केवळ रुग्णच नव्हे, तर शास्त्रही सापडलेले आहे. १९०५ मध्ये बॉस्टन येथील गोल्डथ्वेट व ऑसगुड यांनी त्रिक-श्रोणी सांध्याच्या विकारांकडे लक्ष वेधले आणि त्यानंतर कित्येक वर्षे कंबरेच्या व पायाच्या बहुतेक कळांचा दोष याच सांध्यावर लादला गेला. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकतीचे कार्य उघड केले. तेव्हा लंबक दुसऱ्या टोकास गेला आणि हा सांधा जवळजवळ विस्मृतीत पडला. आज दोन्ही टोके सोडून प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र निर्णय करण्याकडे कल आहे.

पहिली पायरी : प्रश्न

तपासणीचा आरंभ हातांनी नव्हे, तर कानांनी होतो. दुखणे केव्हा सुरू झाले, पडल्यामुळे की आपोआप, विश्रांतीने कमी होते की हालचालीने, रात्री झोपमोड होते काय, हे प्रथम विचारले जाते. यांतील काही उत्तरे अशी असतात की, ती ऐकताच व्यायाम बाजूस ठेवून रुग्णास डॉक्टरांकडे पाठवावे लागते. ताप, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, न थांबणारी रात्रीची वेदना, ही त्यांपैकी होत. आपल्या देशात हाडांचा क्षय विसरून चालत नाही. तो कणा, खुबा व त्रिक-श्रोणी सांधा या तिहींतही आढळतो. बैठकीच्या जागी बधिरता येणे व लघवी अडणे ही तर तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत. पडलेल्या वृद्धास उभे राहता येत नसेल आणि त्याचा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत असेल, तर मांडीच्या हाडाची मान मोडली असण्याचा संभव असतो. तेथे चोळणे किंवा ओढणे घातक होय.

आपला तरुण नावाडी येथेच ओळखला जातो. त्याचे दुखणे तीन महिन्यांहून जुने आहे. पहाटे कंबर तासभर ताठलेली असते, कधी उजवा तर कधी डावा कुल्ला दुखतो, आणि नवलाची गोष्ट अशी की विश्रांतीने ते वाढते व कामास लागल्यावर कमी होते. श्रमाने आलेला शीण याच्या उलट वागतो. चाळिशीच्या आत सुरू झालेली ही लक्षणे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या, कणा हळूहळू ताठ करणाऱ्या संधिदाहाची असू शकतात व त्याचा आरंभ बहुधा त्रिक-श्रोणी सांध्यात होतो. ‘जाळी ओढून कंबर भरली’ या समजुतीने अशा रुग्णांची कित्येक वर्षे वाया जातात. वेळीच रक्ततपासणी व प्रतिमाचित्रण होऊन औषध आणि नियमित व्यायाम मिळाला, तर ताठरपणास पुष्कळ आळा घालता येतो. साध्या प्रश्नाचे मोल किती असते, हे यावरून कळावे.

दुसरी पायरी : पाहणे

यानंतर रुग्णास चालावयास व एका पायावर उभे राहावयास सांगतात. एका पायावर उभे राहताना देहाचा भार आतील बाजूस असतो व तो तोलण्यासाठी खुब्याच्या बाहेरील स्नायूंना जोर लावावा लागतो. तागडीची एक दांडी लांब व दुसरी आखूड असावी, तसा हा प्रकार आहे. स्नायूंची दांडी आखूड असल्यामुळे त्यांना देहभाराच्या कितीतरी अधिक बळ लावावे लागते व सांध्यावर सुमारे अडीच ते तीनपट भार येतो. हे स्नायू दुबळे असले, तर उचललेल्या पायाच्या बाजूस श्रोणी खाली कलते. जर्मन शल्यवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग याने १८९५ मध्ये या लक्षणाचे वर्णन केले. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात का धरावी, याचेही उत्तर याच तागडीत आहे.

मासळी विकणाऱ्या स्त्रीची चाल अशीच कलती दिसते. ‘कोठे दुखते?’ या प्रश्नावर ती गुडघ्याप्रमाणेच जांघेवरही हात ठेवते. अलीकडे मांडी घालून बसवत नाही, असेही ती सांगते. ही तक्रार फार बोलकी आहे. अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ पॅट्रिक याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या परीक्षेत रुग्णास उताणे निजवून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवतात व वाकलेला गुडघा बाहेर खाली दाबतात. नीट पाहिले तर ही एका पायाची मांडी घालण्याचीच क्रिया आहे. या स्थितीत जांघेत दुखले तर संशय खुब्याकडे जातो, मागे दुखले तर त्रिक-श्रोणी सांध्याकडे. त्यानंतर तिची मांडी वर वाकवून पाऊल बाहेर नेतात, म्हणजे मांडी आत वळते. ही आतील वळण सर्वांत आधी आखडते. झिजलेल्या खुब्याची ती ठळक खूण होय. तिच्या गुडघ्यात मात्र दाबून, वाकवून काहीच निष्पन्न होत नाही. तेल चुकीच्या सांध्यास लागत होते.

तिसरी पायरी : वेदना जागविणे

बाळंतिणीचे दुखणे कंबरेच्या खळीपाशी, एका बोटाने दाखविता येईल एवढ्या जागी आहे. १९९४ मध्ये फॉर्टिन व सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या त्रिक-श्रोणी सांध्यात द्रव टोचून वेदनेचा नकाशा तयार केला होता. ती जागा याच खळीपासून खाली सुमारे दहा सेंटिमीटर लांब व तीन सेंटिमीटर रुंद अशी पट्टी होती. परंतु केवळ जागेवरून निर्णय करीत नाहीत. प्रथम कणा वारंवार वाकवून पाहतात आणि ताठ पाय उचलून पोटरीत कळ उतरते काय हे तपासतात. तसे झाले तर मूळ मणक्यांत असण्याचा संभव असतो.

नंतर सांध्यावर मुद्दाम ताण आणतात. उताण्या रुग्णाच्या श्रोणीची पुढील टोके बाहेर दाबणे. मांडी काटकोनात वाकवून तिच्या रोखाने खाली दाब देणे. एका कुशीवर निजवून श्रोणी वरून दाबणे. एक गुडघा छातीशी धरून दुसरा पाय टेबलाच्या कडेखाली सोडणे. पालथे निजवून त्रिकास्थीवर दाबणे, अशा या पाच परीक्षा होत. यांत ‘दुखते काय?’ असे विचारीत नाहीत. कारण जोराने दाबले असता कोणालाही दुखेल. ‘तुमचे नेहमीचे दुखणे हेच काय?’ असे विचारतात. एकटी परीक्षा विश्वासार्ह नसते. न्यूझीलंडचे भौतिकोपचारतज्ज्ञ लॅस्लेट यांनी २००५ मध्ये ४८ रुग्णांच्या बाबतीत अशा परीक्षांचा निष्कर्ष सांध्यात भूल टोचून मिळणाऱ्या निर्णयाशी ताडून पाहिला. तीन वा अधिक परीक्षांत ओळखीची वेदना उठली तर हा सांधा दोषी असण्याचा संभव बराच वाढतो आणि एकीतही उठली नाही तर त्यास बहुधा वगळता येते, असे त्यावरून दिसले.

गरोदरपणी व प्रसूतीनंतर श्रोणीचे दुखणे सुमारे पाचांतील एका स्त्रीस होते. अशा स्त्रीस ताठ पाय वीतभर उचलावयास सांगतात. तो जड वाटतो. मग दोन्ही बाजूंनी श्रोणी हातांनी आवळून धरतात व पुन्हा पाय उचलावयास सांगतात. तो हलका झाला, तर श्रोणीला स्नायूंचा आधार अपुरा पडत आहे असे समजते. या एका परीक्षेतच उपचाराची दिशाही मिळते : काही काळ पट्टा, पोटाच्या व नितंबाच्या स्नायूंचे क्रमशः वाढते व्यायाम, आणि कूस बदलताना गुडघे जुळवून ठेवण्याची सवय.

या शास्त्राचे आपल्याकडील स्थान

भारतात भौतिकोपचाराच्या पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ मुंबईस झाला. पोलिओच्या साथीने पांगळ्या झालेल्या मुलांच्या निकडीतून १९५३ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे विद्यालय सुरू झाले. पुढे हे शिक्षण देशभर पसरले आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायास राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत स्थान मिळाले. पोलिओ गेला, पण श्रमाने, वयाने व प्रसूतीने थकणारे सांधे राहिले आहेत.

कोवलमच्या पुळणीवर असो वा वर्सोव्याच्या, तिन्ही माणसांची तक्रार एकच होती : ‘कंबर धरली.’ एकास औषधाची गरज होती, दुसरीस खुब्याच्या उपचाराची, तिसरीस आधाराची व व्यायामाची. तिघांच्याही कंबरेस एकच लेप लावला असता, तर नावाड्याचा कणा ताठत गेला असता, मासळीवाली गुडघाच चोळत राहिली असती आणि बाळंतीण हे दुखणे बाईच्या जन्मास लागलेलेच आहे असे मानून गप्प बसली असती. या तपासणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतात ते नेमके प्रश्न, शिकलेले हात आणि दुखऱ्या जागेवर घाईने बोट न ठेवण्याचा संयम.