मुंबईच्या सागवानाला हार्टलपूलमध्ये पुनर्जन्म

साताऱ्यात किंवा सांगलीत राहणाऱ्या माणसाला समुद्राची आठवण होण्याचे सहसा कारण नसते. कृष्णेतील होड्यांच्या शर्यती हाच इथला नौकानयनाशी असलेला जिवंत संबंध. तरीही मराठ्यांच्या आरमाराची सूत्रे एके काळी साताऱ्याच्या गादीशी जोडलेली होती. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने १७१३च्या सुमारास कान्होजी आंग्रे छत्रपती शाहूंच्या पक्षाला आले आणि त्यांचे सरखेलपद कायम झाले. त्या आरमारातील एकही गलबत आज पाहायला मिळत नाही. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांची जहाजे फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळून खाक झाली. ती मोहीम इंग्रजांची खरी, पण त्यांना साथ खुद्द पेशव्यांचीच होती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बांधलेले त्या जमान्यातील शिडाचे जहाज पाहायचे असेल, तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या गावी जावे लागते. तेथील ‘एच. एम. एस. त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका मुंबईच्या गोदीत तयार झाली. ब्रिटिश युद्धनौकांपैकी अजूनही पाण्यावर तरंगत असलेली ही सर्वांत जुनी नौका होय. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ तिच्याहून वडील आहे, पण ती कोरड्या गोदीत विसावली आहे.

या जहाजाचे मूळ शोधू गेल्यास ते एका देशात सापडत नाही. आराखडा फ्रेंच वळणाचा. १७८२ मध्ये पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून इंग्रजांनी तो घेतला होता. मागणी ब्रिटिश नौदलाची, लाकूड मलबारचे आणि बांधणारे हात मुंबईचे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई झाली होती. मुंबईत मात्र वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानी जहाजांचा लौकिक मिळविला होता. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून गोदीचे मुख्य कारागीरपद या घराण्याकडे चालत आले. ‘त्रिंकोमाली’ बांधली गेली ती जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली.

सुरुवातच अपशकुनी झाली. ऑक्टोबर १८१२ मध्ये मागणी नोंदविली गेली आणि आराखडे ‘जावा’ या जहाजातून मुंबईकडे निघाले. डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठले, हरविले आणि नष्ट केले. आराखडे गेले ते गेलेच. नव्या प्रती येऊन प्रत्यक्ष बांधणीला हात लागेपर्यंत एप्रिल १८१६ उजाडला. (गंमत म्हणजे ती ‘कॉन्स्टिट्यूशन’देखील बोस्टनच्या बंदरात अजून जपून ठेवली आहे.) पारशी प्रथेनुसार तळाच्या मुख्य वाशात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले.

ही तारीख आपल्याकडच्या वाचकाला अस्वस्थ करणारी आहे. त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. एप्रिल १८१९ मध्ये जहाज पोर्ट्समथला पोहोचले. त्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना आणि सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांना कंपनी सरकारशी तह करावे लागले. जेत्यांच्या कामासाठीच हे जहाज बांधले होते, हे विसरण्यात अर्थ नाही. पण कारागिरी जेत्यांची नव्हती, हेही तितकेच खरे.

इंग्लंडला पोहोचले तोवर नेपोलियनची युद्धे संपली होती. पंचवीसहून अधिक वर्षे ते राखीव म्हणून नुसते उभे राहिले. १८४५ मध्ये तोफांची संख्या २६ वर आणून त्याला नवे रूप देण्यात आले. मग वेस्ट इंडिज, पुढे पॅसिफिक, नंतर प्रशिक्षण नौका, आणि १८९७ मध्ये थेट भंगाराचा व्यवहार! जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाने ते वाचविले. त्याचे ‘फूड्रॉयंट’ हे जुने जहाज त्याच वर्षी वादळात फुटले होते. तेच नाव त्याने या नौकेला दिले आणि मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी ती वापरली. १९८६ पर्यंत हे काम चालले. मुंबईची नौका जवळजवळ शतकभर परक्या नावाने वावरली.

ती टिकली कशी, याचे उत्तर लाकडात आहे. जुन्या वाड्याचे सागवानी खांब ज्यांनी पाहिले, त्यांना सागाची महती सांगायला नको. त्यात तेलाचा अंश असल्याने पाणी आणि कीड सहजासहजी शिरत नाही. शिवाय ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात ते टिकतात.

तरी दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतर दुरुस्ती अटळ होती. १९८७ मध्ये ही नौका तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणली गेली. या गावातील जहाजबांधणी बंद पडली होती. मात्र ‘वॉरियर’ ही जुनी लोखंडी युद्धनौका तेथेच दुरुस्त झाली होती आणि त्या कामावरचे कसबी हात उपलब्ध होते. लाकडी जहाजाच्या दुरुस्तीत खरी परीक्षा संयमाची असते. कुजलेला तुकडा कुठे संपतो हे ओळखायचे, तेवढाच कापायचा आणि त्याच्या मापाचा नवा जोड बसवायचा. सरसकट फळ्या बदलल्या तर काम लवकर उरकते, पण शेवटी हाती नवे जहाज उरते. येथे तसे झाले नाही. निम्म्याहून अधिक मूळ लाकूड आजही जागेवर आहे. १९९२ मध्ये ‘त्रिंकोमाली’ हे नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये काम पूर्ण झाले. खर्च एक कोटी पौंडांहून अधिक आला.

मुंबईतील वाडियांची जुनी गोदी आज नौदलाच्या आवारात आहे. सामान्य माणसाला तेथे सहज प्रवेश मिळत नाही. तिथे तयार झालेली नौका मात्र हार्टलपूलमध्ये तिकीट काढून कोणालाही आतून-बाहेरून पाहता येते.