लहान रायफलीस दुर्बीण कशी निवडावी?

आपल्यापैकी जे राष्ट्रीय छात्रसेनेत आहेत, त्यांच्या हाती केव्हा ना केव्हा ‘पॉइंट टू टू’ रायफल येतेच. हिच्या नळीचा व्यास इंचाचा सुमारे २२ शतांश, म्हणजे साडेपाच मिलिमीटरांहून किंचित अधिक असतो. हिचे आज सर्वत्र चालणारे काडतूस १८८७ साली अमेरिकेत निघाले. नेम चुकू लागला की पुष्कळांच्या मनात येते, ‘दुर्बीण असती तर!’ पुढे क्रीडामंडळात जाऊन रीतसर नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे पालकही कौतुकाने मोठ्यात मोठी दुर्बीण घेऊन देण्यास सिद्ध होतात. पैसा व्यर्थ जाऊ नये आणि शिकणाऱ्याच्या हातास वाईट वळण लागू नये, म्हणून ह्या उपकरणाचा येथे थोडा विचार करू.

प्रथम दुर्बिणीचे खरे काम कोणते ते पाहू. साध्या रायफलीवर डोळ्याजवळ एक खाच असते व नळीच्या टोकाशी माशी असते. खाच, माशी आणि निशाण ही तिन्ही एका रेषेत आणावयाची असतात. परंतु आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली तर निशाण धूसर होते. दुर्बिणीत आडव्या-उभ्या रेषांची एक फुली असते. ती व निशाण ही दोन्ही एकाच अंतरावर असल्याप्रमाणे स्पष्ट दिसतात. हा तिचा मुख्य लाभ होय. वस्तू मोठी दिसणे हा दुसरा. हात स्थिर करणे मात्र तिच्या अधिकारात नाही.

आता निवडीकडे वळू. दुर्बिणीवर ‘४×३२’ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो व दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत देतो. चौपट दुर्बिणीतून ५० मीटरांवरील निशाण साडेबारा मीटरांवर असल्यासारखे भासते. लहान रायफलीचा सराव बहुधा ५० मीटरांच्या आतबाहेर चालतो, त्यास एवढे पुरे. पट वाढविली तर निशाणाबरोबर हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. मग शिकणारा घाबरतो आणि फुली मध्यावर येताच चाप हिसकतो. शिवाय दिसणारे क्षेत्रही आकुंचित होते.

दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागावे. ३२ भागिले ४ म्हणजे ८. इतक्या मिलिमीटरांचा प्रकाशझोत डोळ्यापाशी येतो. उजेडात आपली बाहुली दोन ते चार मिलिमीटर उघडते, म्हणून हा झोत विपुल होय. बारा पट दाखविणाऱ्या व २४ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत तोच झोत अवघा दोन मिलिमीटर राहतो. डोळा जरा हलला की अंधार! लहान दुर्बीण घेणाऱ्याने मोठ्या पटीचा मोह टाळावा, तो ह्याचसाठी.

तिसरी गोष्ट दुकानात सहसा कोणी विचारीत नाही, पण तीच महत्त्वाची. फुली व निशाण एकाच प्रतलात ठराविक अंतरावरच येतात. इतर अंतरांवर डोळा बाजूस सरकला तर फुलीही निशाणावरून सरकल्यासारखी दिसते. ह्यास ‘पॅरॅलॅक्स’ म्हणतात. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्ड वा अधिक अंतरासाठी जुळविलेल्या असतात. लहान रायफलीच्या सुमारे ५० यार्डांसाठी. परीक्षा सोपी आहे. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून निशाणाकडे रोखावी आणि तिला स्पर्श न करता डोळा थोडा वरखाली न्यावा. फुली जागची हलली नाही, तर दुर्बीण आपल्या अंतरास योग्य समजावी.

चौथी गोष्ट वजन व बैठक. हलक्या रायफलीवर अर्ध्या किलोहून जड दुर्बीण चढविली तर तोल वर जातो व उभ्याने नेम धरताना खांदा लवकर शिणतो. पाव किलोच्या जवळपासची दुर्बीण, नळीला न टेकता शक्य तितकी खाली बसवावी. म्हणजे गाल दस्त्यावर नीट टेकतो. डोळा मागील भिंगापासून आठ-दहा सेंटिमीटर दूर राहून पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे.

शेवटी फिरकी पाहावी. पुष्कळ दुर्बिणींत तिच्या एका ‘टक’ आवाजासरशी ५० मीटरांवर गोळीची जागा साडेतीन मिलिमीटरांच्या आसपास सरकते. काही टक एका दिशेस व तितकेच उलट दिल्यावर गोळी पूर्वस्थानी पडली, तर यंत्र विश्वासार्ह. मात्र ५० मीटरांस जुळविलेली रायफल १०० मीटरांवर सुमारे १५ ते २० सेंटिमीटर खाली मारते, हे विसरू नये. दुर्बीण दूरचे जवळ दाखविते. गोळीचे पडणे थांबवीत नाही.

आणि हेही ध्यानात असू द्यावे की ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. तेथे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ साली पॅरिस येथे ह्याच प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते दुर्बिणीवाचून. म्हणून ज्यास स्पर्धेत उतरावयाचे आहे त्याने प्रथम साध्या साधनावर श्वास, गाल आणि चाप ह्यांची शिस्त बाणवावी, दुर्बीण मागाहून.

पालकांस एक विनंती. आपल्या देशात ह्या रायफलीस १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो आणि वन्यप्राण्यांच्या शिकारीस १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा सराव अधिकृत मैदानावर, शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा. रायफलीवरील दुर्बिणीतून पक्षी, घरे वा माणसे न्याहाळण्याची गंमत मुलास कधीही करू देऊ नये. कारण जिकडे दुर्बीण वळते तिकडे नळीही वळते, आणि ही इवलीशी गोळी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पाहावयाचेच असेल तर हातातली साधी दुर्बीण घेऊन द्यावी. ज्या मुलास हा भेद पटला, त्याच्याच हाती रायफल द्यावी. चौपट की नऊपट, हा प्रश्न त्यानंतरचा.