आकस्मिक-चिकित्सेच्या उंबरठ्यावर

अमेरिकेतील मिसूरी राज्यात, कर्क्सव्हिल या लहानशा गावी, अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 साली ऑस्टिओपॅथी या ज्या वैद्यकपरंपरेचे पहिले विद्यालय स्थापिले, तिच्या पदवीधरांस आज त्या देशात शस्त्रक्रियेसह संपूर्ण वैद्यकव्यवसायाची सनद मिळते. आकस्मिक-चिकित्सेचे तीन वा चार वर्षांचे निवासी प्रशिक्षण घेण्यासाठी त्यांना पूर्वी स्वतंत्र जागा होत्या. 2015 ते 2020 या काळात ऑस्टिओपॅथी आणि प्रचलित ॲलोपॅथी या दोन्ही वैद्यकपरंपरांची प्रशिक्षण-मान्यताव्यवस्था एक झाली, आणि सर्व उमेदवार एकाच निवडप्रक्रियेत आले. कोमलेक्स ही स्वतःची परीक्षा असूनही ऑस्टिओपॅथीचे पुष्कळ विद्यार्थी यूएसएमएलई ही ॲलोपॅथीची परीक्षाही देतात; हा दुहेरी भार मला अन्यायाचा वाटतो.

परंतु खरी कसोटी निराळीच. प्रशिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात सुमारे महिनाभर, रात्रपाळ्यांसह, काम केल्यावर तेथील अध्यापक ठरावीक नमुन्यात जे शिफारसपत्र लिहितात, त्यात उमेदवाराची तुलना इतर उमेदवारांशी केलेली असल्यामुळे निवड करणारे त्यास फार वजन देतात. आणि ज्या विद्यालयांस स्वतःचे मोठे रुग्णालय नाही, तेथील विद्यार्थ्यास या एका कागदासाठी पदरमोड करून परगावी बिऱ्हाड करावे लागते. पुढे मुलाखती होतात, उभयपक्षी पसंतीक्रम दाखल होतात, आणि मार्च महिन्यात निकाल लागतो.